चष्म्याच्या दुकानाची सहा अक्षरं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा पाट्या करणे, लावणे आणि उतरवणे, राहणार कामाच्या खोलीच्या मागच्याच खोलीत, असे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो वयाचा दोष आहे, अकलेचा नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. भाग पाडायला घरात दुसरं माणूस असावं लागतं, ते नाही.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाले, कागदपत्रं आवरून ठेवा. त्यावरून काय ते समजलो. वकीलसाहेबांनी एक नमुना दिला आणि बजावलं की मृत्युपत्रात गोष्टी सांगत बसायचं नसतं, कोणाला काय ते लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मी मान डोलावली आणि घरी येऊन मला हवं तसं लिहायला घेतलं. पन्नास वर्षं दुसऱ्यांचे शब्द जागेत बसवून लिहिले. हा कागद माझा आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं, आणि तब्येत बघता हेच शेवटचं.

कलम १. माझ्या मालकीच्या दोन खोल्या, पुढची कामाची आणि मागची राहायची, माझ्या भाचीला मिळाव्यात. ती दूर असते. महिन्यातून एकदा फोन करते, "मामा, जेवलात ना?" विचारते, मी हो म्हणतो, मग आम्ही दोघं थोडा वेळ गप्प राहतो आणि ती म्हणते, ठेवते. पोरगी गुणाची आहे. गप्प राहण्यात चूक माझी आहे, तिची नाही. तिने खोल्या विकल्या तरी माझी हरकत नाही. पुढच्या खोलीतली एक भिंत मी चाळीस वर्षं ब्रश पुसायला वापरली आहे, त्यामुळे तिच्यावर बोटभर जाड रंग चढला आहे. एक बाई फोटो काढून गेली आणि याला कला म्हणाली. ती कला नाही, आळस आहे. भाचीने खुशाल खरवडून टाकावी.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही भाचीचंच. कामाचं मोठं टेबल मात्र वर राहणाऱ्या शिलाईवालीला द्यावं. ती बिचारी जमिनीवर बसून कापड कापते आणि संध्याकाळी कंबर धरून जिना उतरते. गेली पाच वर्षं रोज सकाळी ती टाच दोनदा आपटते आणि मी खालून झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकतो. म्हणजे मी उठलोय, एवढाच त्याचा अर्थ. तिने हे कधी ठरवून केलं नाही आणि मीही कधी आभार मानले नाहीत. ते इथे मानतो.

कलम ३. करवती, पटाश्या, कानशी आणि बाकी लोखंडी हत्यारं गल्लीच्या टोकाच्या सुताराला. त्याच्याकडून आणलेला एक गिरमिट माझ्याकडे अकरा वर्षं आहे, तोही त्यातच सापडेल. त्याने तमाशा करू नये.

रंगाचे ब्रश फ्लेक्सवाल्याला. होय, त्यालाच. त्याचं मशीन आलं आणि दोन वर्षांत माझं नवीन पाट्यांचं काम बसलं. उरलं ते उतरवण्याचं. तो एकदा माझ्याकडे आला होता, दोन अक्षरांत जागा किती सोडायची ते विचारायला. मी ऐकू येत नसल्यासारखं केलं. माझे कान उत्तम आहेत. आता सांगून टाकतो: जागा मोजायची नसते, डोळे बारीक करून बघायची असते. ब्रश तो वापरणार नाही, मला माहीत आहे. मशीनच्या बाजूला टांगून ठेवावेत आणि अधूनमधून थोडं वाईट वाटून घ्यावं.

कलम ४. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौतीस पाट्या आहेत, सगळ्या बंद झालेल्या दुकानांच्या. लोकांना वाटतं, दुकान बंद झालं की पाटीचं काय, भंगारात जात असेल. पुष्कळशा जातात. पण मी उतरवलेल्या पाट्यांचा हिशोब वेगळा आहे. छत्रीवाल्याने आपली पाटी घरी नेऊन तिला चार पाय ठोकले, त्यावर तो जेवतो. फोटो स्टुडिओवाल्याची पाटी त्याच्या बायकोने कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवली, कारण दिसली की ती रडायची. पावाच्या भट्टीवाल्याची पाटी अर्धी कापून खिडकीला लावली आहे, बाहेरून अजून 'ताजे' एवढं वाचता येतं. ज्यांच्याच्याने नेववत नाही ते म्हणतात, तुझ्याकडेच राहू दे, येऊन घेऊन जातो. त्याच चौतीस माझ्याकडे आहेत. एकही जण आलेला नाही.

या पाट्या ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवाव्यात. प्रत्येक पाटीच्या मागे पेन्सिलीने मालकाचा पत्ता आणि उतरवल्याची तारीख आहे. घ्यायला कोणी नसेल तर सुताराने फळ्या म्हणून वापराव्यात, कपाट करावं, काहीही करावं. फक्त चौकातल्या हॉटेलवाल्याला देऊ नयेत. त्याने टायपिंग क्लासची जुनी पाटी कुठूनशी मिळवून शोभा म्हणून हात धुवायच्या जागेवर टांगली आहे. त्या क्लासच्या बाईंनी त्या पाटीखाली तीस वर्षं लोकांना पोटापाण्याला लावलं. लोक तिथे उभे राहून ओले हात झटकतात. त्याने माझ्याकडे तीनदा माणूस पाठवला. चौथ्यांदा पाठवेल तेव्हा मी नसेन म्हणून हे लिहून ठेवलं.

कलम ५. शेडमध्ये डाव्या कोपऱ्यात, या चौतिसांखेरीज, चादरीत गुंडाळलेली एक पाटी आहे. 'बटणे, लेस व दोरा'. हिच्या मागे पत्ता नाही. ते दुकान चालवणारी बाई माझ्याच वयाची होती आणि मी दर आठवड्याला तिच्याकडे बटणं घ्यायला जायचो. माझ्याकडे दोनच शर्ट होते. तिने एकदा हसून विचारलं होतं की एवढी बटणं जातात कुठे. मी काय सांगणार! मग एक दिवस तिने पाटी उतरवायला बोलावलं. मी उतरवली. दुकान का बंद करतेस, आता कुठे जाणार, काही विचारलं नाही. ती दारात बराच वेळ उभी होती. आता वाटतं, कोणी विचारावं म्हणूनच उभी असावी. ही पाटी भाचीने ठेवून घ्यावी, आणि माझ्यासारखं वागू नये.

मी विचारलं नाही याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही. माझ्या उस्तादांनी मला धंद्यात घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला: पाटी चढवताना मालकाला सगळं विचार, उतरवताना काहीसुद्धा विचारू नको. दुकान बुडालेल्या माणसाला गावभर सगळे 'काय झालं' म्हणून विचारत असतात. आपण तरी गुपचूप शिडी लावायची, अक्षरं उतरवायची आणि निघायचं. नियम चांगला होता. मी तो इतका पाळला की माझं सगळं आयुष्यच उतरवण्याचं काम असल्यासारखं झालं.

कलम ६. माझ्या कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात जुन्या शर्टांत गुंडाळलेली सहा लाकडी अक्षरं आहेत: च, ष्म्या, चे, दु, का, न. ती समोरच्या चष्मेवाल्याला द्यावीत.

ही अक्षरं मी माझ्या हाताने कापली, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी. सुटी अक्षरं लावायची म्हणजे कसोटी असते, कारण प्रत्येकाच्या डोक्यावरची रेघ शेजारच्याच्या रेघेला मिळाली पाहिजे. एक जरी खाली गेलं तरी सगळी ओळ मोडल्यासारखी दिसते. चष्मेवाला तेव्हा तरुण होता, मीही होतो. तो रस्त्यात उभा राहून एक डोळा मिटून म्हणाला, "दु एका केसाने खाली आहे." मी म्हटलं, त्याला उकार आहे, तो खाली लोंबतो, म्हणून तसं वाटतं. तो म्हणाला, उकार मला कळतो, मी रेघ बघतोय. यावर आम्ही अडतीस वर्षं भांडलो. रोज दुपारी तो चहा घेऊन इकडे यायचा किंवा मी तिकडे जायचो, आणि दुसरं काही बोलायला नसलं की दु होताच. तो म्हणायचा, तुला नंबर लागलाय, ये तपासून देतो. मी म्हणायचो, तुझा धंदा माझ्यावर चालवू नकोस.

नऊ वर्षांपूर्वी त्याला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो. फक्त नातेवाईकांना सोडतात, असं दारातच सांगितलं. मी विचारलं नाही, कसा आहे. परत आलो. पाच आठवडे दुकान बंद, काही कळेना. मग एका सकाळी त्याचा पुतण्या किल्ल्या घेऊन आला आणि म्हणाला, दुकान बंद केलंय, पाटी उतरवा.

मला वाटलं, तो गेला.

खरं सांगायचं तर मी नुसता नियम पाळला नाही. मला राग आला होता. अडतीस वर्षांचा शेजार आणि मला कोणी साधं कळवलंही नाही, शेवटचं तोंड दाखवायला बोलावलं नाही. म्हटलं, नाही सांगत तर नको सांगू, मी तुझ्या तोंडाकडे बघून विचारणार नाही. एक शब्द न बोलता शिडी लावली. न पासून सुरुवात केली, च पर्यंत आलो. रडत होतो, पण पाठ रस्त्याकडे होती. पुतण्याला दुकान दुसऱ्याला पोटभाड्याने द्यायचं होतं, चुलत्याला त्याने विचारलंही नव्हतं, हे मला नंतर कळलं.

अकरा दिवसांनी चष्मेवाला काठी टेकत गाडीतून उतरला.

अक्षरं काढली की भिंतीवर त्यांचा वळ उरतो. आजूबाजूचा रंग उन्हाने उडालेला असतो आणि अक्षराखालचा तसाच ताजा, त्यामुळे नाव गेलं तरी वाचता येतं. तो ते वळ बघत रस्त्यात उभा राहिला. मी हातातला ब्रश टाकून धावत गेलो. काय बोललो आठवत नाही. तो म्हणाला, "एकदा विचारायचं तरी होतंस."

एवढंच. मी म्हटलं, आत्ता लावतो, तासाभराचं काम आहे. तो म्हणाला, राहू दे, आणि आत गेला.

तेव्हापासून त्याने पुतण्याला दारात उभं केलेलं नाही, नवीन पाटीही केली नाही. नऊ वर्षं त्या वळाखाली बसून चष्मे देतो आहे. पाटी लावायची तर मालकाने सांगायला हवं, म्हणून मी त्याच्या सांगण्याची वाट बघितली. तो बहुतेक माझ्या दुसऱ्यांदा विचारण्याची बघत असावा. मधे रस्ता आहे, वीस पावलांचा. मी त्याचं शटर वर जाताना बघतो, तो माझं. दोन चहाच्या जागी एकच करायला शिकायला मला वर्ष लागलं. अजून कधीकधी पाणी जास्त होतं. माझा नंबरही त्या काळात वाढला, पण त्याच्याकडे कोणत्या तोंडाने जाणार? रस्त्यावरच्या टोपलीतून तयार चष्मा उचलला. त्यातून एका सरळ रेघेच्या दोन दिसतात.

आता तो वळही विटला आहे. दुपारी तिरपं ऊन पडलं की च आणि अर्धा दु तेवढे दिसतात. घरमालक पुढच्या महिन्यात भिंत रंगवणार असं ऐकतो. रंग लागला की अक्षरांची जागा कायमची जाईल, आणि माझ्या हातून झालेली चूक दुरुस्त करायला काही खूणही राहणार नाही. म्हणून ट्रंक त्याला माझ्यामागे ताबडतोब द्यावी. सोबत सहाही अक्षरांचे जुने स्क्रू डबीत आहेत.

आणि मी शुद्धीवर राहून, स्वखुशीने कबूल करतो की दु एका केसाने खाली होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कलम ७. माझी स्वतःची पाटी, 'पाट्या करून मिळतील', कोणी उतरवायची हे मला सुचत नाही. या धंद्यात आता मी एकटाच आहे. जो कोणी उतरवेल त्याने उस्तादांचा नियम मोडावा आणि शेजारीपाजारी आधी विचारावं, काय झालं म्हणून. कोणाला सांगता आलं तर सांगेल.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम भाचीने करावं. साक्षीदार म्हणून शिलाईवाली सही करणार आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा तूर्त मोकळी सोडली आहे. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला द्यायची वस्तू रद्द होते. शिलाईवालीला टेबल मिळणार होतं, म्हणून ते तिला कालच वर नेऊन दिलं. तिला आता या कागदातून काही मिळायचं उरलेलं नाही. भाची इथे नाही, सुतार आणि फ्लेक्सवाल्याला वरच्या कलमांत काही दिलं आहे, हॉटेलवाल्याला मी विचारणार नाही. एवढ्या मोठ्या रस्त्यावर मला दुसरी सही मिळेना. वकीलसाहेब आपला कारकून पाठवणार आहेत.

दिनांक ९ फेब्रुवारी २०१९.

पुरवणी, दिनांक ११ फेब्रुवारी २०१९.

वरचा मजकूर मी परवा शिलाईवालीला वाचायला दिला. सही करण्याआधी वाचणारच असं ती म्हणाली होती. तिने वाचला आणि विचारलं, "काका, दुसरी सही कोणाची?" मी म्हटलं, कारकुनाची. ती उठली. कागद घेऊन सरळ रस्ता ओलांडून गेली. माझे गुडघे धड असते तर मी तिला अडवलं असतं. दारात उभा राहून बघत बसलो.

बराच वेळ झाला. मग ती आली, आणि तिच्यामागे काठी टेकत चष्मेवाला. नऊ वर्षांत तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता. बसायला दिलं तर बसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग हात पुढे करून माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "हा कोणी दिला तुला?"

मी सांगितलं, टोपलीतला आहे. त्याने तो खिशात घातला. मग कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मला द्यायचं, आणि मलाच विचारायचं नाही? अजून तसाच आहेस."

मी म्हटलं, तू सही केलीस तर अक्षरं तुला मिळणार नाहीत, कायदा आहे.

"मेल्यावर नकोच आहेत मला," तो म्हणाला. "आत्ता काढ. आधी लाव, मग सही करतो."

मग मी नऊ वर्षं जे करायला हवं होतं ते केलं. विचारलं. लावू का म्हणून. तो हो म्हणाला.

आज सकाळी लावली. डॉक्टरांनी शिडी बंद केली आहे, पण त्याचं दुकान बसकं आहे, चार पायऱ्यांत काम होतं. शिडी एका बाजूने शिलाईवालीने धरली, दुसऱ्या बाजूने त्याने, काठी भिंतीला टेकवून. चष्म्याशिवाय मला वळ दिसत नव्हता. बोटांनी चाचपून भोकं शोधली. सगळी जुनीच भोकं, जुनेच स्क्रू. न लावून खाली उतरलो तेव्हा हात भरून आले होते आणि छातीत धाप लागली होती. तो रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि एक डोळा मिटून बघू लागला. मी काही विचारलं नाही. हे मात्र मुद्दाम.

सबब कलम ६ मधली वस्तू आता माझ्या ताब्यात नाही, ती मी हयातीतच दिली, म्हणून ते कलम रद्द समजावं. त्यातली कबुली रद्द नाही. बाकी कलमं तशीच. वकीलसाहेबांच्या कारकुनाने येऊ नये.

हा सगळा मजकूर मी शिलाईवालीकडून वाचून घेऊन, समजून, खालील दोघांच्या समक्ष सही करत आहे, आणि त्या दोघांनी माझ्या समक्ष केली आहे.

ठिकाण: माझी कामाची खोली, खिडकीजवळ.

(सही) पाटीवाला

साक्षीदार १: (सही) शिलाईवाली, वरचा मजला

साक्षीदार २: (सही) चष्मेवाला, समोरचं दुकान

साक्षीदार क्रमांक दोन याचा स्वहस्ते शेरा: दु अजून खाली आहे. उद्या दुपारी चहा घेऊन येतो, तेव्हा डोळे तपासतो.